गोळ्याचा रंग आणि डब्यावरचा १२४ नंबर

(भागात बोललो ते साधारण तसंच लिहिलंय. मधले 'अं', 'म्हणजे' आणि खिडकीखालून गेलेल्या टँकरचा हॉर्न काढून टाकलाय.)

मे २०२५. पुण्यात बाहेर पडलं की चपलेचा सोल रस्त्याला चिकटतोय, त्यामुळे आजचा विषय थंड आहे. बर्फाचा गोळा. आणि गोळ्याबरोबर म्हातारीचे केस, गोबी मंचुरियन, एकूण गाडीवरचं सगळं रंगीत खाणं.

या महिन्यात मला तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी व्हिडिओ पाठवलेत. कुणीतरी गोळ्याचं सिरप टिश्यूवर ओततो, टिश्यू लाल होतो, मागे घाबरवणारं संगीत, आणि खाली लिहिलेलं असतं: 'केमिकल! मुलांना देऊ नका!' अरे, टिश्यूवर कोकमाचं आगळ ओतलं तरी तो लालच होणार आहे. रंग कागदाला लागतो, रंगाचं कामच ते. त्या व्हिडिओतून काहीच कळत नाही. पण याचा अर्थ भीती खोटी आहे असाही नाही. तिचा नेम चुकलाय, एवढंच.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. 'आर्टिफिशियल' हा शब्द या सगळ्यात जवळजवळ निरुपयोगी आहे. विचारायच्या गोष्टी तीन. कोणता रंग? कोणत्या पदार्थात? आणि किती? तिन्हींची उत्तरं वेगवेगळी येतात, आणि कधी कधी एकदम उलटी येतात.

पहिल्या प्रश्नासाठी २०२४च्या फेब्रुवारीत जाऊ. पुदुच्चेरीत आणि मग लगेच तमिळनाडूत कॉटन कँडीवर बंदी आली. आपले म्हातारीचे केस, किंवा बुढ्ढी के बाल, जे काय तुमच्याकडे म्हणत असतील ते. नमुने तपासले तर त्यात रोडामिन बी सापडलं. हा कापड, कागद, असल्या गोष्टी रंगवायचा रंग. झगझगीत गुलाबी. पाण्यात सहज विरघळतो, चिमूटभर टाकला की साखरेचं अख्खं पातेलं गुलाबी. आणि खाण्यात तो भारतात चालतच नाही. थोडा चालतो, जास्त चालत नाही, असं नाही. शून्य. म्हणजे इथे 'किती' हा प्रश्न विचारायचाच नाही, पहिल्याच प्रश्नाला गाडी थांबली.

असाच दुसरा मेटॅनिल यलो. हा पिवळा. हळदीत, डाळीत, जिलेबी-लाडवात वर्षानुवर्षं सापडत आलाय. तोही शून्य.

आता याच्या शेजारी दुसरी यादी ठेवा. आपल्याकडे खाण्यासाठी परवानगी असलेले कृत्रिम रंग म्हणून जी जुनी, ठरलेली यादी आहे, त्यात आठ नावं आहेत. टार्ट्राझिन, सनसेट यलो, कार्मोइसिन, पाँसो फोर-आर, एरिथ्रोसिन, इंडिगो कार्माइन, ब्रिलियंट ब्लू आणि फास्ट ग्रीन. नावं पाठ करू नका. त्यांना नंबर आहेत, आणि डब्यावर बहुतेक वेळा नंबरच छापलेला असतो: १०२, ११०, १२२, १२४, १२७, १३२, १३३, १४३. माझ्यासारख्या माणसाला हे फार आवडतं, कारण दिवसभर आम्ही एरर कोडच वाचत असतो. फक्त सवयीने गोंधळ होतो. आमच्याकडे २०० म्हणजे सगळं ओके, आणि खाण्याच्या डब्यावर २०० म्हणजे सॉर्बिक ॲसिड, टिकवायला टाकतात ते.

तर हे आठही कृत्रिम आहेत. प्रयोगशाळेत, कारखान्यात बनलेले. रोडामिन बीसुद्धा कृत्रिम. दोघांना एकच 'केमिकल' शब्द लावला की फरक पुसला जातो, आणि ज्याला खरंच भ्यायला हवं तो गर्दीत लपून जातो. मला राग याचा येतो.

आता दुसरा प्रश्न. कोणत्या पदार्थात? हा भाग बहुतेकांना माहीतच नसतो, आणि मला तर हाच सगळ्यात मजेदार वाटला. सॉफ्टवेअरमध्ये एखाद्याला लॉगिन मिळालं म्हणजे त्याला सगळ्या खोल्या उघड्या, असं नसतं ना? कोणत्या खोलीत जायचं त्याची वेगळी परवानगी लागते. रंगांचंही तसंच आहे. हे आठ रंग चालतात ते ठरावीक पदार्थांत: आइस्क्रीम, बिस्किटं, केक, मिठाई, गोळ्या-चॉकलेटं, जॅम, जेली, सरबतं, सिंथेटिक सिरप, आइस कँडी, आणि हो, कॉटन कँडीसुद्धा. पण स्वयंपाकघरात शिजवलेली भाजी, तळलेला फ्लॉवर, कबाब? तिथे नाहीत.

म्हणजे बघा. दुकानातून आणलेली तीच पुडी, तोच खाण्याचा रंग, तोच नंबर. गोळ्याच्या सिरपात घातला तर कायदेशीर आणि मंचुरियनच्या पिठात घातला तर बेकायदा. चायनीजच्या गाडीवाल्याला विचारलं तर तो छातीठोकपणे म्हणेल, 'दादा, फूड कलर आहे, कपड्याचा नाही,' आणि तो खोटं बोलत नसेल. त्याला पुडीवर 'फूड कलर' लिहिलेलं दिसतं. कोणत्या खाण्यात, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

कर्नाटकात मार्च २०२४मध्ये हेच झालं. तिथे गोबी मंचुरियनचे १७१ नमुने घेतले, त्यातल्या १०७ मध्ये कृत्रिम रंग सापडले. कॉटन कँडीच्या २५ पैकी १५ नमुने असुरक्षित निघाले. मग सरकारने जाहीर केलं की गोबी विका, पण रंग घालून नाही. कॉटन कँडी विका, पण पांढरी. आपल्याकडे बातमी आली ती 'कर्नाटकात गोबीवर बंदी' अशी. बंदी गोबीवर नव्हती, रंगावर होती.

गोव्यात मात्र थेट गोबीवरच घाव घातला. म्हापशाच्या नगरपालिकेने २०२४च्या सुरुवातीला बोडगेश्वराच्या जत्रेच्या निमित्ताने गोबी मंचुरियनच्या स्टॉलवर बंदी आणली, आणि त्याआधी २०२२मध्ये वास्कोच्या सप्ताहातही या स्टॉलना आवर घालायला सांगितलं होतं. कारणं तीच: रंग आणि अस्वच्छता. मला हे पटत नाही. एका पदार्थाचं नाव घेऊन त्याला हाकलायचं, आणि शेजारच्या स्टॉलवरचं केशरी चिकन तसंच राहू द्यायचं? ज्याने गुन्हा केला तो रंग तर जत्रेतच फिरतोय. आणि मंचुरियन तरी कुठलं? मुंबईच्या क्रिकेट क्लबात १९७५च्या सुमारास नेल्सन वाँग यांनी चिकन मंचुरियन केलं असं मानतात, म्हणजे जवळपास आपल्याच घरचं. त्याला लाल व्हायला काश्मिरी मिरची पुरते. थोडं विटकरी दिसेल, तेवढंच. आपल्याला ते ट्रॅफिक सिग्नलसारखं लाल हवं असतं, म्हणून गाडीवाला रंग टाकतो. फिकं दिसलं की आपणच पुढच्या गाडीवर जातो.

बरं, आता गोळा. यात माझा स्वार्थ आहे, तो सांगतो.

आमच्या सोसायटीच्या गेटसमोर एक गोळ्याची गाडी लागते. काका लातूरकडचे. मार्च ते जून इथे गोळा, बाकी वर्षभर मिळेल ते काम. ताई त्याच सोसायटीत राहते, आणि माझी भाची, वय वर्षं सहा, शाळेच्या सुट्टीत त्या गाडीची रोजची गिऱ्हाईक. एप्रिलमध्ये सोसायटीच्या ग्रुपवर तो टिश्यूवाला व्हिडिओ आला, आणि पाठोपाठ मेसेज: गाडी हटवा. अंगठेच अंगठे. काहींनी तर हात जोडलेले. ताईने मला फोन केला. 'तू इंजिनिअर आहेस ना, सांग, देऊ का नको?' आता बीटेकमध्ये आम्हाला गोळा शिकवला नव्हता, पण घरात एकदा 'इंजिनिअर' ठरलास की पंखा, वायफाय आणि गोळा, सगळं तुझ्याकडे येतं.

संध्याकाळी मी खाली गेलो. म्हटलं, "काका, डबे बघू का जरा?"

"बघा की दादा. चोरीचा माल हाय का?" म्हणाले, आणि गाडीखालून एकेक कॅन वर ठेवत गेले.

चार कॅनवर कंपनीचं लेबल होतं. काला खट्टा, ऑरेंज, कच्ची कैरी, लिंबू. 'सिंथेटिक सिरप' असं स्पष्ट लिहिलेलं, चौदा आकडी परवाना नंबर, तारीख आणि रंगांचे नंबर. ऑरेंजवर ११०, काला खट्टावर १२२ आणि १३३. सगळे यादीतले. पाचवा कॅन गुलाबाचा, आणि त्यावर काहीच नाही. पांढरा प्लास्टिकचा कॅन, वर मार्करने 'रोज'.

"हे कुठलं?"

"सुटं मिळतं. टेम्पोवाला देतो. निम्म्यात पडतं."

"बिल?"

काका हसले. "टेम्पोवाला कधी बिल देतो का?"

आता तुम्ही माझ्या जागी काय कराल? हे मी खरंच विचारतोय, कारण मला सोपं उत्तर सापडलं नाही. त्या गुलाबी कॅनमध्ये १२४ असू शकतो, म्हणजे सगळं नियमात. किंवा रोडामिन असू शकतं. डोळ्यांनी सांगता येत नाही. तक्रार केली, नमुना घेतला आणि वाईट निघाला, तर पकडला जाईल तो समोर उभा असलेला माणूस. टेम्पोवाल्याचा नाव-पत्ता कुठेच नाही. आणि तक्रार नाही केली, तर माझी भाची रोज तेच गुलाबी मागते, कारण सहा वर्षांच्या पोरींना दुसरा रंग जगात असतो हे मान्यच नसतं.

मी काकांना एवढंच म्हटलं की लेबल असलेल्या चार कॅनना माझी हरकत नाही, आणि हा पाचवा ठेवू नका. कारणही सांगितलं, तमिळनाडूचं. ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, "पण दादा, केकवाल्याला इचारता का असं?"

मी गप्प. कारण मागच्याच रविवारी क्लबहाऊसमध्ये एक वाढदिवस झाला होता, केक होता गुलाबी, त्यावर गुलाबी युनिकॉर्न, आणि ग्रुपवर फोटो आले होते तेव्हा एकानेही टिश्यू काढला नव्हता. जेली, रंगीत गोळ्या, ड्रिंकची पाकिटं, सगळ्यांवर हेच नंबर असतात. एसी दुकानातला १२२ आणि गाडीवरचा १२२ एकच.

आता तिसरा प्रश्न. किती? इथे थोडं गणित आहे, पण सोपं. फोन बाजूला ठेवू नका.

भारतातला साधारण नियम असा की खायला तयार झालेल्या पदार्थात किलोमागे जास्तीत जास्त १०० मिलिग्रॅम कृत्रिम रंग चालतो, सगळे रंग मिळून. एक गोळा बर्फासकट २०० ग्रॅमचा धरू. म्हणजे नियमाच्या अगदी काठावरच्या गोळ्यात २० मिलिग्रॅम रंग.

दुसरीकडे, शास्त्रज्ञांच्या समित्या प्रत्येक रंगासाठी सांगतात की माणसाने रोज, आयुष्यभर खाल्ला तरी चालेल असं प्रमाण किती. हे शरीराच्या वजनावर असतं. १२४ नंबर, पाँसो फोर-आर घ्या. जागतिक आरोग्य संघटना आणि एफएओ यांच्या संयुक्त समितीने किलोमागे ४ मिलिग्रॅम धरलंय. भाचीचं वजन २० किलो, म्हणजे दिवसाला ८०. चार गोळे खाल्ले तर काठावर. पण युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २००९मध्ये याच रंगाचा फेरविचार केला आणि आकडा ०.७ वर आणला. तोच हिशेब पुन्हा: २० गुणिले ०.७, म्हणजे १४ मिलिग्रॅम. आता एकाच गोळ्यात ती रेषेच्या पलीकडे.

तोच गोळा, तीच पोर, दोन समित्या, दोन उत्तरं. यात कुणी मूर्ख नाही. दोघांनी प्राण्यांवरच्या अभ्यासांकडे वेगळ्या नजरेने पाहिलंय, आणि दोघांनीही सुरक्षिततेसाठी मध्ये भरपूर जागा सोडलेली असते. १५ मिलिग्रॅम झाले की काहीतरी फुटतं असं नाही. रेषा रोजच्या, जन्मभराच्या खाण्याची आहे. उन्हाळ्यात आठवड्याला एक गोळा खाणाऱ्या मुलाने तिच्याकडे बघायचीसुद्धा गरज नाही. रोज खाणाऱ्याने बघावं. आणि एक गोष्ट समितीला माहीत नाही: आपल्याकडे पोरं गोळा चोखून पांढरा करतात आणि परत पुढे धरतात. 'काका, अजून थोडं टाका ना.' काका टाकतात. फुकट असतं ते. मग २०चे ४० कधी होतात कळत नाही.

मुलांच्या बाबतीत अजून एक अभ्यास सांगायलाच हवा. २००७मध्ये इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी मुलांना रंग आणि सोडियम बेंझोएट घातलेलं पेय दिलं आणि त्यांच्या वागण्यावर लक्ष ठेवलं. चंचलपणा थोडा वाढल्याचं दिसलं. थोडा, आणि प्रत्येक मुलात नाही. शिवाय सगळं मिश्रण एकत्र दिलेलं, त्यामुळे नेमका कशाचा परिणाम हे वेगळं काढता आलं नाही. तरी युरोपने जुलै २०१०पासून सहा रंगांवर सूचना छापायला लावली, की मुलांच्या एकाग्रतेवर वाईट परिणाम होऊ शकतो. त्या सहापैकी चार आपल्या आठांच्या यादीत आहेत: १०२, ११०, १२२, १२४. आपल्या डब्यांवर ती सूचना नाही. छापली तर माझी हरकत नसेल. बंदीपेक्षा मला छापील ओळ जास्त आवडते, कारण ती वाचून आई-बाप ठरवू शकतात.

आणि हो, जानेवारीत अमेरिकेने एरिथ्रोसिनची, म्हणजे आपल्या १२७ची, खाण्यातली परवानगी काढून घेतली. कंपन्यांना २०२७पर्यंत मुदत आहे. त्यावरून लगेच 'आपण विष खातोय' असे रील आले. तिकडे एक जुना कायदा आहे, की प्राण्यांमध्ये कर्करोग दिसला तर तो पदार्थ खाण्यात चालणारच नाही, प्रमाण कितीही असो. उंदरांमध्ये दिसलं होतं. माणसांत तसंच होतं असं त्यांचीच संस्था म्हणत नाहीये. मी स्वतः १२७ दिसला तर दुसरा डबा उचलेन, कारण दुसरा डबा शेजारीच असतो. त्यासाठी घाबरायला लागत नाही.

रंगावर एवढं बोललो, पण मला विचाराल तर गोळ्यात रंगापेक्षा मोठे दोन प्रश्न आहेत, आणि दोन्ही पांढरे आहेत.

एक साखर. सिंथेटिक सिरपमध्ये विरघळलेला भाग किमान ६५ टक्के असावा लागतो, आणि तो जवळपास सगळा साखरेचा. गोळ्यावर ६० ग्रॅम सिरप पडलं तर जवळजवळ ४० ग्रॅम साखर झाली. दहा चमचे. यावर कुणी व्हिडिओ करत नाही, कारण टिश्यूवर साखर दिसत नाही.

दुसरा बर्फ. हा खरा. बर्फाची लादी दोन प्रकारची असते, खाण्याची आणि माल थंड ठेवायची. मासळी, औषधं, काँक्रीट, अशा कामांचा बर्फ पिण्याच्या पाण्याचा असावाच असं नाही. दिसायला दोन्ही सारखेच. म्हणून २०१८मध्ये महाराष्ट्राच्या एफडीएने फर्मान काढलं, की खाण्याचा नसलेला बर्फ हलका निळा करायचा. गंमत बघा, कृत्रिम रंग इथे आपल्या बाजूने लढतोय! निळी लादी दिसली की समजायचं, ही सरबतात जायची नाही. पण पांढरी लादी म्हणजे खाण्याचीच, असं उलटं सिद्ध होत नाही. मुंबई महापालिकेने उन्हाळ्यात घेतलेल्या बर्फाच्या नमुन्यांत ई-कोलाय सापडल्याच्या बातम्या त्याच सुमारास आल्या होत्या. ई-कोलाय म्हणजे पाण्यात मैला मिसळलाय याची खूण. आणि गोठवल्याने जंतू मरतात हा गैरसमज आहे. ते झोपतात, आणि पोटात गेले की जागे होतात. रंगाचा त्रास झालाच तर वर्षांनी, बर्फाचा त्रास उद्या सकाळी.

काकांचा बर्फ कारखान्यातून येतो, खाण्याचा म्हणून, आणि त्याची पावती मात्र त्यांच्याकडे होती. ती बघून मला कॅनच्या लेबलांपेक्षा जास्त बरं वाटलं. पण लादी गोणपाटात गुंडाळलेली होती, ते गोणपाट कधी धुतलं होतं ते विचारलं नाही. पुढच्या वेळी गेलो तर स्वच्छ ताडपत्री होती. मी काही बोललो नव्हतो, त्यांनी माझी नजर पकडली असणार.

जाता जाता अजिनोमोटो, कारण प्रश्न येणारच. १९०८मध्ये जपानच्या किकुनाए इकेदा यांनी समुद्री शेवाळाच्या रश्श्यातून ती चव शोधली. टोमॅटोतही तेच ग्लुटामेट असतं. बदनामी सुरू झाली १९६८मध्ये अमेरिकेतल्या एका वैद्यकीय मासिकात छापून आलेल्या एका पत्रावरून. एक पत्र! चायनीज खाऊन तहान लागते ती बहुतेक मिठाने. बारा महिन्यांखालच्या बाळासाठी नाही, हे आपल्याकडे पाकिटावर लिहावं लागतं, ते पाळा. बाकी माझ्याकडून अजिनोमोटोला क्लीन चिट.

आता हातात काय आहे? घरी करायचा एक प्रयोग सांगतो, मी भाचीबरोबर केला. काला खट्टा सिरप थोडं पाण्याने पातळ करा. कॉफीच्या फिल्टरची किंवा टिपकागदाची लांब पट्टी घ्या, खालून दोन बोटं सोडून एक थेंब टाका, वाळू द्या. मग पट्टीचं टोक मिठाच्या पाण्यात बुडवा, थेंब पाण्याच्या वर राहील असं. पाणी चढत जातं आणि काळा रंग फुटतो. आमच्या पट्टीवर निळा सर्रकन वर गेला आणि लालसर जांभळा खाली रेंगाळला. डब्यावर १२२ आणि १३३ लिहिलं होतं, ते दोघे वेगळे होऊन समोर उभे राहिले. भाची म्हणाली, 'मामा, काळा खोटाच होता!' एकदम बरोबर.

यातून किती रंग आहेत ते कळतं. प्रमाण कळत नाही, आणि गुलाबी डाग १२४चा की रोडामिनचा, तेही खात्रीने कळत नाही. अंधारात यूव्ही टॉर्चखाली रोडामिन चमकतं, हे खरं. पण इतरही बऱ्याच गोष्टी चमकतात, टॉनिक वॉटरसुद्धा चमकतं. तेवढ्यावर कुणाच्या गाडीचा व्हिडिओ करून टाकू नका. त्याचा सीझन जातो. तीन महिन्यांचा असतो तो.

पक्कं हवं असेल तर अन्नसुरक्षा कायदा, २००६, कलम ४०. गिऱ्हाईक म्हणून तुम्ही स्वतः विकत घेतलेला पदार्थ सरकारी अन्न विश्लेषकाकडून फी भरून तपासून घेऊ शकता. अट एवढी की विकत घेतानाच विक्रेत्याला तसं सांगायचं. आणि माल नियमाबाहेरचा निघाला तर फी परत मिळते. मला वाटतं हे कलम देशात फार कमी जणांना माहीत असेल. एकट्याने नाही, सोसायटीने मिळून करायची गोष्ट आहे ही. आम्ही मीटिंगमध्ये हेच मांडलं. गाडी हटवा म्हणणाऱ्यांना विचारलं, फी कोण भरतंय? अंगठे एकदम कमी झाले.

शेवटी ठरलं ते असं: गाडी राहील, लेबल असलेलेच कॅन, आणि ते गाडीखाली न ठेवता वर, समोर दिसतील असे. एक काका, सोसायटीतले, अजून विरोधात आहेत, आणि त्यांचं म्हणणं मी टाकून देत नाही. ते म्हणतात, लेबलचा कॅन रिकामा झाला की त्यात सुटं भरलं तर कुणाला कळणार? नाही कळणार. मी रोज जाऊन सील बघणार नाहीये. पण गोळेवाल्या काकांना मी एक सांगून ठेवलंय: टेम्पोवाल्याकडून घ्याच, फक्त बिलासकट. उद्या कुणी नमुना घेतला तर बिलावरून माग मागे जाईल, तुमच्यावर थांबणार नाही. ते म्हणाले, बघतो. गुलाबी सध्या बंद आहे. त्यामुळे धंदा थोडा बसलाय, हे त्यांनी दोनदा सांगितलं. लेबलवालं रोज सिरप महाग पडतं म्हणून ते एका गोळ्यामागे थोडे जास्त घेणार आहेत. मी म्हटलं घ्या.

ताईने भाचीला शनिवारचा एक गोळा कबूल केलाय, आणि 'अजून टाका'ची एकच वेळ. वाटाघाटी चालू आहेत.

तुमच्या गाडीवरच्या कॅनचं लेबल दिसलं तर फोटो पाठवा, पण माणसाचा चेहरा नको आणि गाडीची जागाही नको, फक्त नंबर. खरंच काही गडबड वाटली तर महाराष्ट्र एफडीएचा टोल फ्री आहे, १८००-२२२-३६५. पुढच्या भागात दुधाचं बघू. त्यावर तुमचे व्हिडिओ यापेक्षा जास्त आलेत, आणि त्यातले निम्मे एकाच माणसाने पाठवलेत. दादा, आता बास. मिळाले.